आगोटीच्या तोंडावरचं कोकण

समुद्र पाहायचा असेल तर कोकणात डिसेंबर-जानेवारीत जावं. पाणी निवळ असतं, वाळूवर भर दुपारीही बसवतं, मासळी मुबलक असते आणि नाताळचा आठवडा सोडला तर खोल्यांचे दर आटोक्यात असतात. मे महिन्यात जायचं ते मात्र समुद्राकडे निम्मी पाठ करून. त्या महिन्यात किनारपट्टीवर पाहण्यासारखं, खाण्यासारखं आणि करण्यासारखं जे काही असतं, ते बहुतेक वाळूपासून आत असतं: खळ्यात, पडवीत, सुक्या मासळीच्या बाजारात, सड्यावर म्हणजे जांभ्याच्या पठारावर, खाडीकाठी. पावसाचे चार महिने दर्या खवळलेला, रस्ते बेभरवशाचे आणि ऊन दुर्मीळ, म्हणून त्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांत सगळा किनारा साठवणीला लागतो. या दिवसांना आणि या तयारीला तिथे आगोट म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की उन्हाळी सहल आगोट पाहायला म्हणून करावी, आणि ताटात काय घ्यायचं इथपासून पिशवीत काय आणायचं इथपर्यंत सगळं तिच्यावरून ठरवावं.

आधी समुद्राचंच बघू, कारण लोकांचा ओढा तिकडे असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिकी मासेमारी बंद होते, ती साधारण जुलै संपेपर्यंत. माशांच्या विणीचा काळ म्हणून हा नियम आहे, पण नियम नसता तरी बऱ्याच होड्या बंदरातच राहिल्या असत्या, कारण मेच्या मध्यावर वारा फिरतो आणि लाट जड होऊ लागते. महिना सरत येतो तसतशा होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर झाप किंवा ताडपत्री पडते, इंजिनं खोलली जातात आणि जाळी सावलीत पसरून त्यांची भोकं विणायला घेतात. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो तो या दिवसांत जरूर पाहावा. हंगाम संपत आल्याची घाई तिथल्या बोलीत ऐकू येते. पाण्यातल्या खेळांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. मालवण-तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंग खरं हिवाळ्याचं. मेअखेरीस पाणी गढूळतं आणि तळ दिसेनासा होतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून माणसं दगावली, ती तारीखच पुरेशी बोलकी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही मे संपता संपता बंद होतात. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पावसाळ्यात महिनोन् महिने किनाऱ्याशी संबंध तुटणार हे गृहीत धरून तिथली वस्ती राहत आली. तटावरून दिसणाऱ्या देखाव्याइतकंच हे मला पाहण्यासारखं वाटतं.

आता आगोट खरी कुठे दिसते ते. माझ्या मते ती सगळ्यात चांगली दिसते रातांब्यांपाशी, म्हणजे कोकमाच्या फळांपाशी. मे महिन्यात कोकमाची झाडं काळसर लाल फळांनी लगडतात. फळं वेचून आणली की बायका ती दोन भागांत चिरतात, बिया गरासकट एका भांड्यात जातात, सालं वेगळी. गराला मीठ लावून ठेवलं की त्याला लालभडक पाणी सुटतं. सालं दिवसभर खळ्यात वाळत पडतात, संध्याकाळी त्याच रसात बुडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात जातात. हे चार-पाच दिवस चालतं आणि प्रत्येक बुडवणीला सालीचा रंग एक पायरी खाली उतरतो. शेवटी ती जवळजवळ काळी, चिवट आणि चमकदार होते तेव्हा तिला आमसूल म्हणायचं. मीठ घातलेला रस गाळून बाटल्यांत भरला की तो आगळ, सोलकढीचा जीव. सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की अमृतकोकम. बियासुद्धा वाया जात नाहीत. त्या वाळवून, फोडून, आतला गर कांडून पाण्यात उकळला की वर तेल तरंगतं, ते थिजवून मुठेल करतात आणि पावसात भेगाळलेल्या टाचांना लावतात. एका फळातून चार वस्तू निघतात, आणि चारही पुढच्या चार महिन्यांसाठी. हे सगळं खळ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चालतं. विचारलं तर कोणीही सांगतं आणि मागितलं तर सुरीही हातात देतं. बोटं मात्र दोन दिवस जांभळी राहतात.

रातांब्याचं दुखणं असं की फळ पिकतं ऐन पावसाच्या तोंडावर. वळीव लागला किंवा मिरगाचा पाऊस लवकर आला की झाडावरचा उरलेला माल कुजतो. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात काढताना फळ पावसाआधी हाती लागावं याकडे लक्ष दिलं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने ऊन वाढत नाही. साल वाळायला उन्हाचे दिवस लागतात ते लागतातच, आणि ते दिवस मेमध्येच असतात.

फणसाचं गणितही हेच. कापा फणस पर्यटकांना आवडतो, कारण त्याचे गरे खुटखुटीत असतात आणि तळून पाकिटात भरता येतात. बरका लिबलिबीत म्हणून शहरी माणूस नाक मुरडतो. पण घरात खरा कामाचा बरकाच. त्याचा रस काढून तेल लावलेल्या ताटात पातळ पसरायचा, वाळला की त्यावर दुसरा थर, मग तिसरा, ही फणसपोळी. त्याच रसात तांदळाचा रवा घालून वाफवली की सांदणं, ती नारळाच्या रसात बुडवून खायची. ती साठवणीची वस्तू नाही, जागेवरच खावी लागते, आणि मे सोडून दुसऱ्या महिन्यात ती मागणं म्हणजे यजमानाला अडचणीत टाकणं. आठळ्या वाळूत किंवा मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवल्या जातात आणि आषाढात, भाजी मिळेनाशी झाली की, बाहेर निघतात. आंब्यातही रायवळाला हापूसपेक्षा जास्त कामं असतात. आंबापोळी त्याची, लोणचं त्याचं, मिठाच्या पाण्यात घातलेल्या कैऱ्या त्याच्या, उन्हात खडखडीत वाळवलेली आंबोशीही त्याचीच. हापूसची ऐट पेटीत असते. पावसाळा काढायचा तर तो रायवळावर. हापूस महाग पडतो ही तक्रार खरी आहे, पण ती मार्च-एप्रिलची. मेमध्ये माल एकदम तयार होतो, वाहतुकीला नाजूक होतो आणि किलोच्या भावाने कॅनिंगला जाऊ लागतो. बागायतदाराच्या दारात उभं राहून आंबा खायचा तर हेच दिवस बरे.

मासळीकडे वळलं की पहिला मोठा आक्षेप समोर येतो. कोकणात जाऊन सुके मासे खायचे? सुट्टीचे पैसे खर्च करून गरिबाघरचं, वासाचं अन्न? आक्षेप घेणाऱ्यांची सुरमईची थाळी मी हिसकावून घेत नाही. पण मेच्या उत्तरार्धात ती थाळी कशी तयार होते ते पाहावं. बंदीच्या तोंडावर मागणी चढलेली असते, गर्दीमुळे भाव दुप्पट होतो, आणि ताजा म्हणून वाढलेला तुकडा बऱ्याचदा बर्फातून आलेला असतो. त्याच आठवड्यात आठवडा बाजारात सुक्या मासळीचे ढीग लागलेले असतात आणि वर्षातला उत्तम माल तिथे असतो, कारण गिऱ्हाईक जाणकार असतं. तिथे खरेदी कशी होते ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. जवळा घेणारी बाई मूठभर उचलून तळहातावर चोळते, फुंकर मारते आणि हातावर काय उरलं ते बघते. वाळू उरली तर माल रेतीवर वाळवलेला, म्हणजे ती पुढच्या ढिगाकडे जाते. बोंबील वाकवून पाहते, मोडला तर नीट वाळलाय, वाकला तर आत ओल आहे आणि श्रावणापर्यंत टिकायचा नाही. खाऱ्या बांगड्याचं पोट उघडून मीठ कुठवर पोचलंय ते बघते. सोड्यांच्या ढिगाशी घासाघीस सगळ्यात लांबते, कारण कोळंबी सोलून वाळवली की किलोभरातून मूठभर उरतं आणि भाव त्या हिशेबाने असतो. वसई-उत्तनकडच्या कोळीवाड्यांत बोंबील बांबूच्या वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले दिसतात. तिथून या आठवडा बाजारांपर्यंत सगळा किनारा या व्यवहारात बांधलेला आहे.

ताटात यातलं काय मागावं? कुळथाची पिठी, भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. किंवा सकाळी पेज आणि त्याबरोबर तोच बांगडा खोबऱ्यात चुरून केलेलं किसमूर. सोड्यांची खिचडी किंवा सोडे घातलेलं वांगं. जवळ्याची चटणी कैरी घालून, कारण कैरीही आत्ताच आहे. वासाबद्दल म्हणाल तर तो येतो, आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर तो भुकेचा भाग होतो. गरिबाघरच्या अन्नाबद्दल म्हणाल तर सोड्यांचा भाव विचारून बघा. घरगुती खानावळवाले हे पदार्थ पाहुण्यांना आपण होऊन सांगत नाहीत, पाहुणा पापलेटच मागणार असं धरून चालतात. त्यांचा अनुभवच तसा असतो, म्हणून तोंड उघडून मागावं लागतं. शाकाहारी माणसाला यात काही नाही असंही कोणी म्हणेल. त्याला वर सांगितलेलं फणस-कोकम आहेच, शिवाय तांदळाच्या फेण्या, मिरगुंडं आणि सांडगी मिरच्या वाळत पडलेल्या असतात त्या आहेत, आणि करवंदांची जाळी कुठल्याही घाटवाटेला फुकट आहे.

अलिबागकडे गेलं तर आगोट रस्त्याच्या कडेलाच लटकलेली दिसते. कार्ले-खंडाळे भागातला पांढरा कांदा पातीसकट विणून माळा करतात आणि त्या बांबूला टांगून विकतात. भातानंतरच्या ओलीवर हा कांदा येतो, चवीला गोडसर असतो आणि २०२२ साली त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं. माळ ही दिसायला शोभेची वस्तू, पण ती विणली जाते टांगून ठेवण्यासाठी. जमिनीवर ढीग घातला तर पावसाळी हवेत कांदा सडतो. दुसऱ्या टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याची मिठागरं. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला तो नकाशावर बोट ठेवून झाला नव्हता. मीठ पिकतं ते याच कडक दिवसांत, आणि पहिल्या पावसाबरोबर आगरातलं पीक विरघळून जातं. लोणच्यांना, खाऱ्या मासळीला, आगळाला, सगळ्यांना मीठ लागतं, त्यामुळे मिठागर पाहिल्याशिवाय बाकीचं पाहणं अर्धवट राहतं.

खाण्यापिण्याच्या पलीकडे पाहण्याचं म्हणाल, तर मेमधलं माझं पहिलं मत सड्यावरच्या कातळशिल्पांना. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला जांभ्यावर कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या आकृतीच्या आत इतर प्राणी भरलेले आहेत. बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, उक्षी, जांभरुण, देवाचं गोठणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ अशी मिळून नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. यांचा आणि आगोटीचा संबंध एवढाच, पण पक्का: पाऊस पडला की सड्यावर गवत माजतं, खोलगट रेषांत पाणी साचतं आणि शिल्पं झाकली जातात. मेमध्ये कातळ उघडा असतो. पण दुपारी बाराला गेलं तर सपाट उजेडात रेषा दिसत नाहीत आणि पाय भाजतात. सूर्य तिरका असताना, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, त्याच रेषा सावलीने भरून वर उठतात. पायातली चप्पल काढून शिल्पाच्या कडेने चालावं, आत उतरू नये.

यावरून उकाड्याच्या आक्षेपाकडे येतो. आकड्यांत पाहिलं तर विदर्भात पारा ४५ च्या घरात असतो तेव्हा रत्नागिरीत तो ३३-३४ च्या आसपास असतो. पण आकडा इथे फसवतो, दमटपणामुळे अंगावरचा घाम वाळत नाही आणि नागपूरचा माणूसही इथे हैराण होतो. त्यामुळे उकाडा नाही असं मी म्हणणार नाही. मात्र उकाड्याचा त्रास होतो तो मुख्यतः सकाळी नाश्ता करून अकराला किनाऱ्यावर उतरणाऱ्या माणसाला. गावातली कामं पहाटे सुरू होतात आणि नऊ-दहाला आटोपतात. दुपारी माणसं पडवीत आडवी होतात आणि चारनंतर पुन्हा उठतात. जांभ्याच्या भिंतीचं, सारवलेल्या जमिनीचं घर त्यासाठीच आहे. लिलाव संध्याकाळी, शिल्पं सकाळी, रातांबे चिरणं सावलीत, आमसुलं उलटणं ऊन कलल्यावर. वातानुकूलित खोलीची गरज त्या वेळापत्रकात निम्म्याने कमी होते.

याहून वजनदार आक्षेप असा की आगोटीचं कारणच आता उरलेलं नाही. घाट बारमाही सुरू असतात, १९९८ पासून कोकण रेल्वे धावते, तालुक्याच्या गावी पावसातही दुकानं भरलेली असतात आणि घरोघरी फ्रीज आहे. मग खळ्यातलं ते आमसूल म्हणजे पर्यटकांसाठी मांडलेला देखावा तर नव्हे? यातलं बरंच मला मान्य आहे. पूर्वी घरात वर्षभर पुरेल इतकं व्हायचं, आता घरापुरतं थोडं आणि विकायला जास्त असा तोल झाला आहे, आणि विकत घेणारा मुंबई-पुण्याचा चाकरमानी किंवा पाहुणा असतो. पण गिऱ्हाईक बदललं म्हणून काम खोटं ठरत नाही; विकण्यासाठीचं आमसूलही तितक्याच वेळा बुडवावं लागतं. आणि कारण उरलं नाही हे मला पटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली तालुक्यांत कित्येक गावं दिवसचे दिवस विजेविना होती. फ्रीजमधलं सगळं पहिल्या दोन दिवसांत गेलं असणार. डब्यातल्या सुक्या मासळीला आणि बाटलीतल्या आगळाला वीज लागत नाही.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही, तो पाण्याचा. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी मेमध्ये वाड्यांवर टँकर येतात. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, पाणी मुरतं आणि खाडीला जाऊन मिळतं. विहिरींनी तळ गाठलेला असतो नेमका त्याच आठवड्यांत आपण हजारोंनी तिथे जातो, दिवसातून तीनदा अंघोळ करतो आणि पोहण्याच्या तलावाची चौकशी करतो. आगोट पाहायला गेलेला माणूसही पाणी पितोच. फरक पडलाच तर एवढा की तो छोट्या घरगुती निवासात राहील, घरची बाई विहिरीवरून किती खेपा करते हे त्याला दिसेल आणि तो बादली जपून वापरेल. तलाव असलेली जागा टाळणं तर कोणालाही जमतं. याने टँकर थांबणार नाहीत, हे उघड आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. शाळांच्या सुट्ट्यांमुळे बहुतेकजण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघतात, आणि तिथेच घोळ होतो. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो असं धरलं जातं. २०२५ साली तो २६ मेलाच पोचला, तळकोकणात त्याच्याही आधी, आणि खळ्यात जे अर्धवट वाळलेलं होतं ते तसंच आत घ्यावं लागलं. असं दरवर्षी होईल असं नाही, पण पहिल्या पंधरवड्यात जाणारा निर्धास्त राहतो. शिवाय आंब्याचा हंगाम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो, देवगड आधी, रायगड मागाहून, आणि पाऊसही दक्षिणेकडूनच वर चढतो. म्हणून मेच्या सुरुवातीला जमत असेल तर वेंगुर्ले-मालवणला जावं, मध्यावर राजापूर-रत्नागिरी-दापोलीला, आणि सुट्टी उशिरा मिळाली असेल तर अलिबागच्या वर-खाली राहून कांद्याची माळ आणि सुका बोंबील घेऊन दोन दिवसांत परत यावं.